उताराला कोण बंदी घालणार बे?

जुलैत रात्री नऊच्या सुमारास टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा स्टेज, म्हणजे दिवसाचा टप्पा, संपतो आणि सकाळी सोलापुरात सात रस्ता चौकातल्या चहाच्या गाड्यावर निकाल तयार: 'रायडरचीच चूक!' कुणीही पडो, कुठंही पडो, हेच.

कातोवित्से, २०२०. टूर ऑफ पोलंडचा पहिला स्टेज, फिनिश उतारावर, शेवटची स्प्रिंट ताशी ८० किलोमीटरच्या घरात. स्प्रिंटर ग्रोनेवेगननं आपली सरळ लाईन सोडली, बाजूचा रायडर याकोबसन बॅरिकेडवर आदळला, बॅरिकेड पत्त्यांसारखे उडाले. ग्रोनेवेगनला नऊ महिने बंदी. बरोबरच आहे. पण उतारावर फिनिशची रेघ मारणाऱ्याचं काय? त्याचं नाव तरी आठवतंय का कुणाला?

बॅरिकेडचे पाय बघितलेत कधी? साध्या लोखंडी बॅरिकेडचा आडवा पाय वीतभर रस्त्यात येतो. चाक अडकलं की खेळ खलास. गड्ड्याच्या जत्रेत गर्दी अडवायला ठीक आहेत ते! स्प्रिंटला पाय मागं असलेले, एकमेकांत घट्ट अडकवलेले तिरपे बॅरिकेड लागतात.

मग दुसरे पंडित: 'वेग आवरायला गिअर कमी करा, ५४-११च्या (पुढं ५४ दात, मागं ११) वर नको.' अहो, ५४-११वर ११० केडन्सला, म्हणजे मिनिटाला पायडलचे ११० फेरे मारले तरी, ताशी ६८ निघतात! आणि घाट उतरताना पायडल मारतंय कोण? सगळे हँडलबारवर आडवे झालेले असतात.

त्यात २०२६पासून नवा नियम: हँडलबार किमान ४०० मिलिमीटर रुंद. अरुंद खांद्याच्या बायका ३६० वापरायच्या. त्यांनी आता खांदे कुठून रुंद करून आणायचे?

आणि ते 'आमच्या काळी असं नव्हतं'वाले! तुमच्या काळी हेल्मेटही सक्तीचं नव्हतं. २००३ मध्ये किविलेव्ह हा रायडर शर्यतीत पडून गेला, तेव्हा झालं.