एक सेंटिमीटरला दहा मीटर

सहावीतल्या लेकीला शाळेनं घरचा अभ्यास दिला : आपल्या गल्लीचा नकाशा, प्रमाणासकट. म्हणजे मलाच दिला म्हणायचं. आमच्या शिवाजी पेठेत "तालमीपासनं खाली या आन् कुणालाबी इचारा" एवढ्यावर पाहुणा घरी पोचतो. नकाशा कशाला लागतोय?

पहिलाच प्रश्न, उत्तर दिशा कुठं? मी बेधडक कागदाच्या वरच्या कडेला बोट ठेवलं.

"पप्पा, कागदाची नव्हे, गल्लीची."

मग अंबाबाईला साकडं घातलं. देवी पश्चिमाभिमुख, म्हणून तर किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. महाद्वारात देवीकडं तोंड करून उभा राहिलो, डावा हात उत्तरेला लागला. आता तो हात तसाच धरून स्कूटरवरून घरी यायचं कसं? तिसऱ्या वळणाला उत्तर हरवली. शेवटी गच्चीवर जाऊन सूर्य कुठं बुडतो ते बघितलं. हे आधी सुचायला हरकत नव्हती.

मग मोजणी. टेपनं २० मीटर आखून चाललो, २९ पावलं भरली. म्हणजे पाऊल साधारण ६९ सेंटिमीटर. आता नुसती पावलं मोजत गल्ली चालायची. पण कोल्हापुरात माणसाला गप चालू देतात व्हय?

"एकशेबारा, एकशेतेरा..."

"काय हुडकायलाय?"

"काही नाही." झालं, पुन्हा एकपासून.

तिसऱ्या फेरीला १८० वर सुखरूप पोचलो. १२४ मीटर, कागदावर १२.४ सेंटिमीटर. तोवर गल्लीभर बातमी : रस्ता रुंद करायलेत. एकानं फळकूट आत ओढलं, एकानं चहा पाजला. रुंदी सकाळी ४ मीटर होती, दुपारी ५ भरली. लेकीनं खोडरबर काढला.

सूचीत मंदिराची खूण होती, तालमीची कुठंच सापडेना. तिनं सरळ गदा काढली. मला पटली.

रात्री किराणावाले काका दारात हजर. हातात शेंगदाण्याची पुडी.

"सायेब, तेवढी पायरी नकाशात घेऊ नका. अर्धा मीटरच बाहेर आहे."

लेक म्हणाली, "काका, आमच्या प्रमाणात ती अर्धा मिलीमीटर येते. माझी पेन्सिलच त्याहून जाड आहे."

काकांचा जीव भांड्यात पडला. मग कागदावर वाकून त्यांनी आपलं दुकान शोधलं आणि चेहरा उतरला.

"एवढंसंच? जरा मोठं काढ की गं."