पाच मिनिटांचे त्रैराशिक

आमच्या गिरगावातील वाचनालयाला ७५ वर्षे पूर्ण होत असल्याने पाच मिनिटांची एक चित्रफीत करून घ्यावी, असा ठराव कार्यकारिणीने एकमताने मंजूर केला. आणि एकमताने मंजूर झालेले काम कार्यवाहांच्या गळ्यात पडण्याचा आमच्याकडे प्रघात असल्याने ते माझ्या गळ्यात पडले. तरतूद किती करावी, हा प्रश्न खजिनदारांनी बसल्या जागी सोडवला. त्यांच्या पुतण्याच्या लग्नाचा चार तासांचा व्हिडिओ ३६ हजारांत झाला होता, तेव्हा त्रैराशिकाने पाच मिनिटांचे ७५० रुपये होतात, असे त्यांनी सांगितले आणि "घासाघीस केली तर सातशे," अशी पुस्तीही जोडली.

शिरस्त्याप्रमाणे तीन दरपत्रके मागवली. ती ४५ हजार, १ लाख ८० हजार आणि ४ लाख ७५ हजार रुपयांची निघाली, आणि मोठ्या दोहोंच्या तळाशी बारीक अक्षरात '१८ टक्के जीएसटी वेगळा' असेही होते. "तिन्ही आपल्याच वाचनालयाची आहेत ना?" असे अध्यक्षांनी विचारले. बारकाईने वाचल्यावर कळले, की पहिल्यात एकच मुलगा कॅमेरा धरणार, प्रश्न विचारणार, आवाज घेणार आणि रात्री घरी बसून संकलनही करणार होता. तिसऱ्यात मात्र दिग्दर्शक, दोन कॅमेरामन, साउंड रेकॉर्डिस्ट, मेकअपमन, लाइटमन आणि स्पॉटदादा मिळून १८ माणसे येणार होती. आमच्या वार्षिक सभेलासुद्धा १८ माणसे येत नाहीत. म्हणून मधल्याला बोलावले.

अंधेरीहून आलेला तो तरुण निर्माता भाव सांगण्याऐवजी आम्हालाच प्रश्न विचारू लागला: कोण कोण बोलणार, किती ठिकाणी चित्रीकरण, फीत सभागृहात दाखवणार की मोबाइलवर, आणि संहिता कोण लिहिणार? "काका, खर्च मिनिटांवर नसतो, दिवसांवर आणि माणसांवर असतो," असे त्याने खजिनदारांना नम्रपणे सांगितले. कॅमेरा, लेन्स आणि दिवे यांचे भाडे दिवसावर असते, त्यामुळे दोन तासांचे काम दोन दिवसांत विभागले की भाडेही दोन दिवसांचे पडते. संहिता अध्यक्षांनी आधीच लिहून ठेवली होती. मिनिटाला साधारण १२० शब्द या हिशेबाने पाच मिनिटांत ६०० शब्द बसतात. अध्यक्षांचे २,४०० होते आणि तेवढ्यात फक्त पहिली इमारत बांधून झाली होती.

तरीही भागले असते, पण आमच्या कार्यकारिणीत ११ सदस्य आहेत आणि प्रत्येकाच्या मनात 'फक्त एकच' गोष्ट होती. एकाला संस्थापकांचे बाणगंगेजवळचे घर हवे होते, दुसऱ्याला चौपाटीवरचा सूर्यास्त, आणि तिसऱ्याला, त्याच्या भाच्याच्या मुंजीत होता म्हणून, ड्रोन. जागा बदलली की सामान टेम्पोत चढते, उतरते, दिवे नव्याने लागतात, टेम्पो उभा करायला गिरगावात जागा शोधावी लागते आणि सार्वजनिक जागा असेल तर परवानगी काढावी लागते, हे त्या तरुणाने समजावून सांगितले. ड्रोनसाठी मुंबईत पोलिसांची परवानगी लागते, हे ऐकून तिसऱ्या सदस्याने 'गच्चीवरून काढू' अशी तडजोड सुचवली. पार्श्वभूमीला एक जुने भावगीत घ्यायचे ठरले होते, कारण जुने म्हणजे फुकट अशी सर्वांची समजूत होती. पण कवीचे आणि संगीतकाराचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे राहतात, असे समजल्यावर नुसत्या बासरीवर समाधान मानण्यात आले.

खजिनदारांनी लाल पेन्सिल चालवली ती थेट जेवणाच्या रकमेवर. ज्या गिरगावात १९१३ साली कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट लागला, त्या चित्रपटाच्या अख्ख्या संचाचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके घरी करत होत्या, तेव्हा आपल्याला केटरर कशाला, असा त्यांचा सवाल होता. इतिहास बिनचूक होता. मात्र हाच इतिहास त्यांनी घरी जाऊन सांगितल्यावर काय घडले ते आम्हाला कळले नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाची रक्कम पूर्ववत झालेली होती.

चित्रीकरण एकाच दिवसात, एकाच जागी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा असे ठरले. वाचनालय दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, त्यामुळे सामान वर चढेपर्यंत साडेदहा वाजले. आमच्या जुन्या ट्यूबलाइटची डोळ्याला न जाणवणारी लुकलुक कॅमेऱ्याला जाणवते म्हणून त्या बंद झाल्या. पंखा टकटक करतो म्हणून तोही बंद झाला. खिडक्या लागल्या. थर्मोकोलच्या पांढऱ्या पत्र्यावरून उजेड चेहऱ्यावर पाडत एक लाइटमन तासभर पुतळ्यासारखा उभा होता, आणि मेकअपमन अध्यक्षांच्या टकलावरचा घाम दर दोन मिनिटांनी टिपत होता.

पाच वाजता खजिनदारांची पाळी आली. त्यांना एकच वाक्य होते: "या वाचनालयाने पैशाचा अपव्यय कधीही होऊ दिला नाही." आमची इमारत चर्नी रोडच्या रुळांना लागून आहे. पहिल्या वेळी 'अपव्यय' या शब्दावर विरारची जलद गाडी गेली, दुसऱ्या वेळी चर्चगेटची धीमी, आणि पुढे गर्दीची वेळ सुरू झाल्यावर तर साउंड रेकॉर्डिस्टचा हात वरच राहिला. मधल्या शांततेत खजिनदार एकदा 'अव्यय' म्हणाले आणि एकदा, घामाने कॉलर भिजलेली असताना, 'पंख्याचा अपव्यय' म्हणाले. अकराव्या वेळी वाक्य निर्दोष उतरले तेव्हा पावणेआठ वाजले होते. सहानंतर प्रत्येक माणसाचा ओव्हरटाइम सुरू झालेला होता.

अंतिम बिल २ लाख १९ हजारांचे आले. कॅमेरा, दिवे, संकलन, जेवण या ओळींवरून खजिनदारांची पेन्सिल निमूट पुढे सरकली आणि 'ओव्हरटाइम, दोन तास' या ओळीपाशी थांबली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग व्हाउचरच्या समासात वळणदार अक्षरात लिहिले, "मान्य. कारण: रेल्वे," आणि खाली सही केली.