पेटी देवगडची, आंबा कुठला?

पासपोर्टची नक्कल करायचं मनात असेल तर आधी आंब्याच्या बाजारात चार दिवस काढा. कर्नाटकी आंबा हापूस म्हणून खपवणारा आंब्यावर मेहनत घेत नाही. पेटी इकडची आणतो, तळाला रत्नागिरीचं वर्तमानपत्र अंथरतो, झालं काम. भौगोलिक मानांकन २०१८ साली मिळालं ते आंब्याला, पण गिऱ्हाईक वाचतं पेटी.

तुम्ही निघालात ती पेटीच नकली करायला! नाशिकच्या सरकारी छापखान्यातली ३६ पानं आहेत ती. अतिनील दिव्याखाली धरली की कागदातले धागे चमकतात. तुमचा झेरॉक्सचा कागद मात्र अख्खाच निळा उजळतो आणि तिथेच तुमचा बोऱ्या वाजतो. नव्या ई-पासपोर्टात चिप आहे. आतल्या मजकुराचा एक कानामात्रा हलवलात तरी डिजिटल सही जुळत नाही, आणि नवी सही करायची किल्ली सरकारजवळ. सोडा तो नाद. १५०० रुपये भरा, सरकारच अस्सल छापून देतं.

फोटोच्या पानावर तळाला ४४-४४ खुणांच्या दोन ओळी असतात. त्यात जन्मतारीख समजा ६२०६०१, म्हणजे १ जून १९६२. आकड्यांना ओळीने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ ने गुणा. बेरीज ९१, शेवटचा अंक १. तोच तारखेला चिकटून छापलेला. दुबईच्या विमानतळावरचं यंत्र हा हिशेब पापणी लवायच्या आत करतं. त्यातून त्याला एवढंच कळतं, की तारीख वाचताना चूक झाली नाही. त्या दिवशी कुणी खरंच जन्मलं होतं का, ही पंचाईत त्याची नव्हे.

ती गुरुजींची होती. नाव घालायला आलेली आई म्हणाली, "नारळी पुनवेच्या आदी झालो ह्यो, होडी अजून किनाऱ्यावरच होती." गुरुजींनी १ जून लिहिलं. शाळा जूनमध्ये सुरू होते, वय बसायला हवं. तोच शाळा सोडल्याचा दाखला आजही पासपोर्टला चालतो. जन्मदाखल्याची सक्ती फक्त १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना.

खोटी माहिती देऊन पासपोर्ट घेतला तर १९६७ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, म्हणून हे गुरुजींच्या कानावर घालू नका. ते ३१ मेला निवृत्त झाले. त्या दिवशी तालुक्यात एवढे सत्कार होते, की शाली कमी पडल्या.