पीआर वेलकम, म्हणजे तूच कर ना बे

नागपुरात सूचना फुकट मिळतात. तर्री पोह्याच्या ठेल्यावर उभं राहा. कूलरच्या पंपापासून मेट्रोच्या खांबापर्यंत कशात काय चुकलं, हे सांगणारे चार जण हमखास भेटतात. पुरावा कोणी मागत नाही. ओपन सोर्सवाले, म्हणजे आपला कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणारे, मागतात, आणि आमची गोची तिथेच होते.

साधं काम घ्या. नवतप्याच्या नऊ दिवसांचं तापमान मॅटप्लॉटलिबमध्ये (आलेख काढायची ओपन सोर्स पायथन लायब्ररी) काढायचं आणि वर शीर्षक द्यायचं, ‘नागपूर’. आलेखावर उमटतात सहा चौकोन, विटा रचल्यासारखे. खाली इशारा येतो की ग्लिफ (अक्षराचं चित्र) 2344 फॉन्टमध्ये नाही. हा 2344 म्हणजे आपला ‘न’. मूळ फॉन्ट डेजाव्हू सॅन्स, आणि त्यात देवनागरी नाहीच. नोटो सॅन्स देवनागरी लावला की ‘नागपूर’ झकास उमटतं. मग माणूस चेकाळतो आणि ‘विदर्भ’ लिहितो. ज्या आवृत्तीत अक्षरांची जुळणी होत नाही, तिथे वेलांटी ‘व’ला सोडून ‘द’च्या गळ्यात पडते, रफार वर चढायचं नाकारतो, आणि शीर्षक होतं ‘वदिर्‌भ’. वेगळा विदर्भ मागणाऱ्यांनाही इतका वेगळा नको असेल.

या क्षणी तोंडात येतं ते इश्यूमध्ये, म्हणजे प्रकल्पाकडे नोंदवायच्या तक्रारीत, लिहायचं नसतं. ‘देवनागरी चालून नाही राहिली’ एवढंच लिहिलं, तरी काही उपयोग नाही. आवृत्ती कोणती, ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, बॅकएंड (आलेख प्रत्यक्ष रेखाटणारा भाग) आणि फॉन्ट कोणता, ते सांगा. पाच-सहा ओळींचा कोड द्या, जो दुसऱ्याच्या मशीनवर जसाच्या तसा चालेल. तुमची दोन हजार ओळींची फाइल आणि सोबतची एक्सेल शीट कोणी उघडत नसतं. काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, ही दोन चित्रं शेजारी ठेवा. आणि मुख्य म्हणजे आधी जुने इश्यू चाळा, बंद झालेलेसुद्धा. आपल्या आधी बंगाली, तमिळ आणि ख्मेरवाले तिथे रांगेत उभे असतात.

एवढं करून उत्तर येतं दोन शब्दांचं: ‘पीआर वेलकम’. पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट, आपण कोडमध्ये केलेला बदल घ्या अशी विनंती. नागपुरी भाषांतर वर शीर्षकात आहेच.

राग येतो, पण प्रकल्प सांभाळणाऱ्यांचंही खोटं नाही. मजकूर रेखाटायची पद्धत जरा हलवली, की चाचणीसाठी जपून ठेवलेली चित्रं पिक्सेलला पिक्सेल जुळेनाशी होतात. आपल्या एका वेलांटीपायी भलतेच आलेख नापास होतात. तोवर जुगाड सांगतो. आलेख एसव्हीजीमध्ये (ब्राउझरमध्ये उघडणारा चित्राचा फाइल प्रकार) सेव्ह करा आणि एसव्हीजीची फॉन्टटाइप सेटिंग ‘नन’ ठेवा. मग अक्षरं रेषा न होता अक्षरंच राहतात आणि जुळणी ब्राउझर करतो. फॉन्ट मात्र बघणाऱ्याच्या मशीनवर हवा.

आलेख शिकवणाऱ्या धड्यांची तऱ्हा वेगळी. तिथे बहुतेकदा आयरिस फुलांच्या मापांची माहिती असते: 1936 पासून गाजणारी 150 फुलं, तीन जाती, प्रत्येकी 50. मे महिन्यात तुळस जगवताना जीव जातो, तिथे ‘सेपल म्हणजे काय’ हे सांगण्यात अर्धा तास जातो आणि स्कॅटर प्लॉट (ठिपक्यांचा आलेख) राहूनच जातो. म्हणून माझी सूचना: संत्री घ्या. आंबिया आणि मृग असे दोन बहार, प्रत्येक फळाचं वजन, व्यास, फोडी. सूचना सगळ्यांना आवडते. मग प्रश्न येतात. मोजली कोणी? माहिती वापरायचा परवाना कोणता? रिकामे रकाने किती? मग वजनकाटा आणि व्हर्नियर घेऊन बसावं लागतं, आणि फोडी मोजलेलं फळ पुन्हा वजनाला उरत नाही. म्हणून वजन आधी.

एक सूचना मी कुठेही करतो. तापमानाचे खांब 42 पासून सुरू करू नका; 44 च्या दुप्पट 46 दिसतं. झिरो माईलच्या गावात खांब शून्यापासून हवा. खरं तर सेल्सिअसचा शून्यही सोयीचाच, त्यामुळे खांब नकोच, साधी रेष काढा.

धड्यातलं हे एक वाक्य बदलायचं, तर फोर्क करा (प्रकल्पाची आपली प्रत), वेगळी ब्रँच (बदलांची वेगळी फांदी) काढा, वाक्य बदला, पुश करा (बदल वर पाठवा), पीआर उघडा आणि चाचण्या संपायची वाट बघा. चहा होतो, दुसरा होतो. मग लाल फुली येते, म्हणजे चाचणी नापास. मराठीला, शून्याला, संत्र्यांना कोणाचीच हरकत नसते. चौदाव्या ओळीच्या शेवटी एक स्पेस जास्तीची राहिलेली असते.