दहापैकी आठ

मी व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहितो, हे चारचौघांत सांगण्याआधी मी घसा खाकरतो. सिनेमाचा समीक्षक म्हटलं की लोक सरसावून बसतात. माझं ऐकल्यावर मात्र शांतता पसरते आणि मग काका विचारतात, "ते ठीक आहे रे, पण पोटापाण्याचं काय?"

मावशीची काळजी वैद्यकीय आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली, हे तिला तोंडपाठ आहे. त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटावा लागतो, कामधंदा आणि नाती यांची वाताहत व्हावी लागते आणि सहसा हे वर्षभर तरी चालावं लागतं, हा पुढचा भाग तिच्यापर्यंत पोचलेला नाही. मी म्हटलं, "अगं, माझी नोकरीच ती आहे." ती काकांकडे वळून म्हणाली, "बघा, आता नोकरीपर्यंत पोचलं!"

बचावासाठी मी काही दाखले तयार ठेवलेत. १९४२ साली न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी पोरं बिघडतात म्हणून पिनबॉलवर, म्हणजे नाणं टाकून यंत्रावर गोळी उडवत खेळायच्या खेळावर, बंदी आणली आणि जप्त केलेली यंत्रं स्वतः घण घालून फोडली. बंदी उठायला १९७६ उजाडलं. "मग त्या पोरांचं पुढे काय झालं?" काकांनी विचारलं. आजोबा झाली, मी म्हटलं, आणि नातवंडांच्या मोबाइलवर खेकसू लागली. त्याच शहरातल्या आधुनिक कला संग्रहालयानं २०१२ मध्ये पॅकमॅन आणि टेट्रिस धरून चौदा गेम संग्रहात घेतले, हेही सांगून पाहिलं. त्यावर काका म्हणाले, "संग्रहालयात सांगाडेही ठेवतात."

रॉजर ईबर्ट या नामवंत चित्रपट समीक्षकानं २०१० मध्ये गेम कधीच कला होऊ शकत नाहीत असं लिहिलं. वाचकांनी झोडपल्यावर काही महिन्यांतच, पुरेसा अनुभव नसताना लिहायला नको होतं, हे त्यानं मान्य केलं. एवढा मोठेपणा आमच्या घराण्यात नाही.

घरच्यांना माझं काम पोरखेळ वाटतं, तर वाचकांना ते जीवनमरणाचं वाटतं. यातले वाचक जास्त भयंकर. मध्यंतरी एका बहुचर्चित गेमला मी दहापैकी आठ दिले. गेम अजून बाजारात यायचा होता (परीक्षणासाठी आम्हाला तो आधी मिळतो), म्हणजे चिडलेल्यांपैकी कुणी तो खेळलेला असण्याची शक्यता नव्हती. पण तो नऊच्या खालचा नाही याबद्दल सगळ्यांचं एकमत. आमच्या धंद्यात सात म्हणजे नापास आणि सहा म्हणजे थेट अब्रूनुकसानी. एक ते पाच हे आकडे बहुधा शोभेसाठी ठेवले असावेत. परीक्षण मुदतीत संपवायला मी रात्री जागून काढल्या होत्या, डोळे टोमॅटोसारखे झाले होते, आणि प्रतिक्रिया काय? "याला खेळता येत नाही." (खरंय, शेवटच्या राक्षसानं मला फार मारलं. पण सिनेमाच्या समीक्षकाला कुणी मारामारी करून दाखवायला सांगत नाही.)

एका वाचकानं तर लांबलचक पत्र लिहिलं: तुम्हाला गेममधलं ओ की ठो कळत नाही, दुसरं काम बघा. मी ते काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून संपूर्ण वाचलं, दोनदा मान डोलावली आणि म्हणाले, "मुलगा समंजस दिसतो. आणि एवढं जिवाला लावून घेतोय, तर नऊ देऊन टाक की. एक मार्क काय तुझ्या खिशातून जातोय?"