कडक बग्गी आणि खानापूरचा मुरूम

रिमोटच्या गाड्यांचा नाद लागलेल्या आमच्या भागातल्या जवळपास प्रत्येक पोराच्या मोबाइलवर एक मेसेज येऊन गेलाय. मला तो आधी निपाणीच्या आतेभावानं पाठवला, मग बेळगावातल्या तिघांनी, आणि परवा बैलहोंगलच्या एका दोस्तानं चक्क कन्नडमधून. मजकूर तोच. ऑफरोड बग्गी, म्हणजे माळावर पळवायची रिमोटची गाडी, उसळते आणि उलटते, कारण सस्पेन्शन मऊ असतं. म्हणून सगळ्यात कडक स्प्रिंग लावा. शॉकमध्ये, म्हणजे स्प्रिंगच्या आतल्या तेलाच्या नळीत, सगळ्यात जाड तेल भरा, नाहीच मिळालं तर मोटरसायकलच्या फोर्कचं २० नंबर चालतं. गाडी जमिनीला जेवढी टेकवता येईल तेवढी टेकवा. मागची चाकं एकदम सरळ करा, वेग वाढतो. आणि एवढं डोकं चालवायचं नसेल तर वर्ल्ड चॅम्पियनची सेटअप शीट, म्हणजे त्याच्या गाडीच्या जुळणीचा तक्ता, जशीच्या तशी उतरवा. खाली ‘स्वतःचा अनुभव’ असा शिक्का.

अनुभव मलाही आहे. पहिल्या वर्षी मी यातलं निम्मं करून बसलो होतो. खानापूर रस्त्याच्या पलीकडे एका माळावर आम्ही फावड्यानं जंप घातली होती. माझी एकास दहा मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची, बग्गी तिच्यावरून गेली, खाली आली, रबरी चेंडूसारखी दोनदा उडाली आणि तिसऱ्यांदा नाकावर पडली. शेजारी उभा असलेला एकजण म्हणाला, “काय गा, शॉकात सिमेंट भरलास काय?” भरलं नव्हतं, पण स्प्रिंग त्याच जातीच्या होत्या.

तर पहिला मुद्दा स्प्रिंगचाच. ऊसतोडीच्या दिवसांत चिकोडी-रायबागकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागं उभं राहून बघा. भरलेली ट्रॉली खड्ड्यातून जड बैलासारखी जाते. तीच ट्रॉली कारखान्यावर रिकामी होऊन परतते तेव्हा प्रत्येक खड्ड्यात टणाटण उडते. रस्ता तोच, ट्रॉली तीच, वजन तेवढं गेलेलं. दीड किलोच्या बग्गीला सगळ्यात कडक स्प्रिंग लावणं म्हणजे तिची रिकामी ट्रॉली करणं. आणि गाडी लहान असली तरी दगड लहान होत नाहीत. मुरमातला दोन सेंटिमीटरचा खडा एकास दहा बग्गीला वीस सेंटिमीटरच्या धोंड्याएवढा असतो. चाकाला त्यावरून वर जायला आणि लगेच खाली यायला वाव हवा. वाव नसेल तर अख्खी गाडी वर जाते, आणि हवेत गेलेल्या टायरला पकड कसली?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, उसळी थांबवणं हे स्प्रिंगचं कामच नाही. स्प्रिंग दाबली की ती ताकद साठवते आणि तेवढीच परत फेकते. ती ताकद गिळतं ते तेल. म्हणून तेल तेच ठेवून स्प्रिंग कडक केली तर उसळी कमी होत नाही, वाढते. मेसेज लिहिणाऱ्यानं कडक स्प्रिंगबरोबर जाड तेलही सांगितलंय, त्यामुळे एक उसळी जाते खरी, पण मग चाक खड्ड्यात उतरायलाच उशीर करतं. कडक स्प्रिंगची जागा आहे, नाही असं नाही. गुळगुळीत, चिकट पकडीचा ट्रॅक असेल, परदेशात घरातल्या घरात गालिचा अंथरून शर्यती घेतात तसला, तर तिथं चालते. आमच्याकडे असला ट्रॅक कुठं आहे ते मला दाखवा, मी उद्या कडक स्प्रिंग लावतो.

आता तेल. इथं मेसेजनं सगळ्यात जास्त घोळ घातलाय, म्हणून जरा थांबतो.

बग्गीच्या शॉकमध्ये सिलिकॉनचं तेल असतं. बाटलीवर आकडा असतो, ३० किंवा ३५ वगैरे. हा आकडा कंपनीनुसार थोडा बदलतो. टीम असोसिएटेड या कंपनीचं ३० म्हणजे ३५० सेंटिस्टोक (तेलाच्या जाडपणाचं माप), ३५ म्हणजे ४२५, ४० म्हणजे ५००. काही कंपन्या थेट सेंटिस्टोकच छापतात. म्हणून दोस्ताला ‘तिसाचं घाल’ असं सांगण्यात अर्थ नाही, सेंटिस्टोक सांगावा. आणि हा सेंटिस्टोक २५ अंशाला मोजलेला असतो. आपल्याकडे डिसेंबरात सकाळी सात वाजता माळावर गेलं तर १५ अंश, एप्रिलच्या दुपारी ३७. एवढ्या फरकात सिलिकॉनचं तेल साधारण एक तृतीयांश पातळ होतं. थंडीत झकास बसलेली गाडी उन्हाळ्यात डुलायला लागते ती यामुळे. पोरं स्प्रिंगला शिव्या घालतात. उन्हाळ्यात ३५० काढून ५०० घाला, म्हणजे दोन पायऱ्या वर, गाडी परत डिसेंबरातल्यासारखी वागेल. ‘सगळ्यात जाड’ या शब्दाला ऋतूच माहीत नाही.

तेलाएवढाच पिस्टन महत्त्वाचा, आणि मेसेजमध्ये त्याचं नावही नाही. शॉकच्या आत दांडीच्या टोकाला भोकं पाडलेली चकती असते, तेल त्या भोकांतून इकडून तिकडे जातं. चाक सावकाश हलत असताना भोकाचा व्यास चौथ्या घाताने काम करतो. भोक १.२ मिलिमीटरचं १.३ केलंत तर तेल जवळपास ३८ टक्के जास्त जातं. एक दशांश मिलिमीटरला! आमच्यातला एकजण बेळगावच्या उद्यमबाग कारखाना वसाहतीत लेथवर आहे, त्यानं डेलरिन नावाच्या कडक प्लास्टिकच्या कोऱ्या चकत्या घेऊन वेगवेगळी भोकं पाडून दिली, तेव्हा माझी खात्री पटली. तोवर मी तेलाच्या सहा बाटल्या घेऊन बसलो होतो.

यातली खरी गंमत पुढे आहे. बारीक भोकं आणि पातळ तेल, किंवा मोठी भोकं आणि जाड तेल, हाताने दाबून बघितलं तर दोन्ही शॉक सारखेच लागतात. माळावर अजिबात सारखे नसतात. जंपवरून पडताना दांडी फार वेगानं आत जाते. एक मीटरवरून पडलेली वस्तू ताशी सुमारे १६ किलोमीटरनं जमिनीवर येते. बग्गी लहान म्हणून गुरुत्वाकर्षण तिला सवलत देत नाही. त्या वेगात बारीक भोकांतून तेल जाऊ शकत नाही, शॉक क्षणभर आवळतो आणि तळ आपटत नाही. मोठ्या जंपांना हे चांगलं. पण खड्ड्यामागून खड्डा असलेल्या जमिनीवर हाच शॉक प्रत्येक खड्ड्यावर आवळतो आणि गाडी पत्र्यावर चालल्यासारखी खडखडते. तिथं मोठी भोकं आणि जाड तेल घ्यायचं. म्हणजे जाड तेल वाईट नाहीच. ते कशासाठी आणि कुठल्या पिस्टनबरोबर, हे न सांगता ‘सगळ्यात जाड’ म्हणणं वाईट.

फोर्कच्या तेलाबद्दल थोडक्यात. बग्गीच्या शॉकमधल्या बऱ्याच ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, आणि वरचे रबरी पडदे सिलिकॉनचे असतात. खनिज तेलात सिलिकॉन फुगतं, दांडी जाम होते, मग गळते. शिवाय फोर्कचं २० नंबरचं तेल बग्गीला लागणाऱ्या ३५० ते ५०० सेंटिस्टोकपेक्षा बरंच पातळ. सगळ्यात जाड घाला म्हणणारा माणूस पर्याय म्हणून पातळ तेल सुचवतोय, हे त्याच्या लक्षातही आलेलं दिसत नाही.

गाडी खाली घेण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. वजन खाली गेलं की गाडी उलटायचा धोका कमी होतो, हे कुणीही मान्य करेल. पण त्याचा उपयोग जिथं पकड इतकी जास्त की कोपऱ्यात बाहेरचा टायर सुटतच नाही आणि गाडी पकडीपायी उलटते, तिथं. खानापूरच्या तांबड्या मुरमावर टायर घसरतो. तिथं गाडी उलटते ती बाहेरचं चाक चाकोरीत अडकल्यामुळे किंवा पोट दगडाला लागल्यामुळे. पोट आणखी खाली नेलंत तर दगड आणखी लागतील. आमच्या मुरमावर एकास दहा बग्गीचं पोट मी पुढं-मागं जमिनीपासून २४-२५ मिलिमीटर वर ठेवतो. मोजायचं ते बॅटरी आत बसवून, एकदम सपाट जागेवर, आणि गाडी वीतभर उंचीवरून एकदा सोडून, मग हातानं दाबून. माझी मोजणी स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर होते. बायकोचं यावर मत आहे, ते इथं लिहीत नाही.

पूर्वेला सौंदत्ती, गोकाककडे गेलात तर काळं रान. सुकलेलं असताना टणक आणि भेगा पडलेलं, त्या भेगांत चाक उतरतं, म्हणून तिथं चाकाला खाली जायला जास्त वाव लागतो. ओलं झालं की विचारूच नका. चार थेंब पडले की प्रत्येक चाकाचा लाडू. कुठल्याच स्प्रिंगचं तिथं काही चालत नाही, गाडी पिशवीत घालून घरी यावं.

मागची चाकं सरळ करा, हा मुद्दा मात्र एका ओळीचा. मोटर फक्त मागची दोन चाकं फिरवते अशी बग्गी बहुतेक कंपन्या मागं साधारण तीन अंश टो-इन देऊन बनवतात, म्हणजे चाकांची नाकं किंचित आत. ते काढलंत तर सैल मुरमावर थ्रॉटल दाबताक्षणी शेपूट पुढं येईल. सरळ रस्त्यावर अर्धा सेकंद कमवायचा आणि प्रत्येक वळणावर गाडी उचलायला धावायचं, हा सौदा ज्याला परवडतो त्यानं करावा.

राहिली चॅम्पियनची शीट. ती खोटी नसते. त्या माणसाच्या त्या दिवसाची, त्या टायरची, त्या ट्रॅकची ती खरी नोंद असते. तो ट्रॅक पाणी मारून, दाबून, झाडून घेतलेल्या चिकणमातीचा, नाहीतर गालिच्याचा. आपल्याकडे सकाळी त्याच माळावरून गुरं गेलेली असतात. त्या शीटमधला कँबर (चाकाचा तिरकेपणा), डिफचं, म्हणजे डिफरन्शिअल गिअरचं तेल, शॉक टॉवरवरचं, म्हणजे शॉक अडकवायच्या पट्टीवरचं भोक हे सगळं एकमेकांना धरून असतं. त्यातलं निम्मं उचलून आपल्या टायरवर लावलं की उरलेलं निम्मं सूड घेतं. त्यापेक्षा पुठ्ठ्याच्या खोक्यात गाडीबरोबर जो कागद येतो त्यावरची मापं लावावीत. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहावी. मी तर शाळेची दोनशे पानी वही घेतलीय, तीत पहिल्या पानावर हवामान आणि माती, मग तेल.

आणि हे सगळं करण्याआधीची एक गोष्ट मेसेजमध्ये यायला हवी होती. चारही शॉक खालून सोडवायचे, चाकं काढायची आणि प्रत्येक आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, वर उचलून सोडायचा. तो स्वतःच्या वजनानं खाली पडला पाहिजे. कुठं अडखळला तर स्प्रिंगला, तेलाला हात लावू नका, तिथं आधी बघा. आमची तांबडी धूळ पिठासारखी बारीक असते, आर्म ज्यांच्यावर फिरतो त्या पिनांत ती शिरते आणि बसून राहते.

बैलहोंगलच्या दोस्तानं मेसेज पाठवला तो यासाठीच, की त्याची बग्गी प्रत्येक जंपनंतर डावीकडे झुकून पडायची. त्यानं कडक स्प्रिंग लावून बघितली, मग त्याहून कडक. मी गाडी हातात घेतली आणि शॉक सोडवले. मागचा डावा आर्म हवेत तसाच अडकून राहिला, बोटानं दाबला तेव्हा खाली आला. पिन काढून ओट्यावर गडगडवली तर वाकडी. उद्यमबागेतल्या मित्रानं तेवढ्याच जाडीची स्टीलची पिन कापून दिली, भोकातली धूळ ब्रशनं काढली, आणि खोक्यातल्या मूळ स्प्रिंग परत चढवल्या. गेल्या रविवारी ती गाडी जंपवरून सरळ आली. पुढचा उजवा शॉक अजून किंचित गळतोय, फोर्कचं तेल त्यातच भरलं होतं. नव्या ओ-रिंग मागवल्यात.