शेवळांची तोंडी परीक्षा

जूनच्या पहिल्या पावसात मुंबईच्या लोकल खोळंबतात, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच पावसात ठाण्यातला एक जावईही दरवर्षी कामाला लागतो, हे मात्र कुठल्याच बातमीत येत नाही. आंब्याची पेटी संपली की सासूबाई खिडकीतून आभाळ बघतात आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, "शेवळं आली असतील." पिशवी दाराच्या कडीला आधीच अडकवलेली असते.

मी मूळचा सोलापूरचा. आमच्याकडची भाजी फार तर तिखट लागते, उलटून हल्ला करत नाही. शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातलं रानटी पोर. पाऊस पडला की जमिनीतून आधी त्याचा कोंब फुलोऱ्यासकट वर येतो, पानं मागाहून सावकाश. तो कोवळा कोंब आपण खायचा. पण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. भाजी नीट केली नाही तर त्या जिभेला आणि घशाला बरोबर दिसतात. एवढं माहीत असून माणसं ती शोधत हिंडतात आणि मिळाली की नातेवाइकांना फोन करतात.

जांभळी नाक्याच्या बाजारात शहापूर, मुरबाडकडच्या बायका प्लास्टिक अंथरून बसलेल्या असतात. रानात जाऊन खुडायचं, जुड्या बांधायच्या, पहाटेची गाडी धरायची आणि वर आमच्याशी बोलायचं. टाकळा असतो. फोडशी असते, म्हणजे सफेद मुसळीच्या घरातली. मुसळीच्या शास्त्रीय नावात तर चक्क बोरिवली आहे. (बोरिवलीकरांना हे सांगू नका, जागेचे भाव वाढतील.) करटोली अजून यायची असतात. शेवळं मात्र मावशी पाठीमागे, ओल्या फडक्याखाली ठेवतात.

"मावशी, शेवळं कशी दिली?"

भाव सांगायच्या आधी मावशी गिऱ्हाईक जोखतात. माझ्या पुढे एक मुलगी होती. तिने जुडी उचलली आणि मोबाइलवर बघून करीन म्हणाली. मावशींनी जुडी तिच्या हातातून काढून परत फडक्याखाली घातली. "तू टाकळा ने, बाय." मुलगी निमूटपणे टाकळा घेऊन गेली. पैसे समोर असताना माल द्यायला नकार देणारा व्यापारी मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मग एक काका आले. दहा रुपये कमी करा म्हणाले. मावशी म्हणाल्या, "रानात फुकट आहेत. जा, काढून आणा. साप बघून." काकांनी पूर्ण पैसे दिले.

माझी पाळी आली.

"करणार कोण?"

"सासूबाई."

"कुठल्या?"

"इथल्याच, ठाण्याच्या."

मावशींचा चेहरा निवळला. दोन वाटे पिशवीत पडले आणि वर न मागता मूठभर काकडं. ही आवळ्यासारखी दिसणारी आंबट हिरवी फळं. त्यांच्या आंबटपणाने शेवळांची खाज मोडते. कुणी चिंच घालतात, पण आमच्या घरात चिंचेचं नाव काढलं तर माहेरचा अपमान होतो.

घरी आल्यावर खरा प्रकार सुरू होतो. हाताला तेल चोळायचं, वर्तमानपत्र पसरायचं, वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा दाणेदार भाग शोधून काढून टाकायचा. तो एवढासा जरी राहिला तरी सगळ्या घराला कळतं. मग बारीक चिरून तेलात परतत बसायचं. पिशवीभर आणलेली शेवळं आधी टोपभर होतात, मग वाटीभर. आणताना जिने चढून दुखलेला खांदा त्या वाटीकडे बघून जास्त दुखतो. त्यात काकडांचा रस, वाटण आणि कोलंबी पडते, आणि वास असा सुटतो की शेजारच्या काकू साखर मागायला येतात. वर्षभर त्यांच्याकडची साखर कधी संपत नाही.

जेवायला बसल्यावर मात्र कुणी हात लावत नाही. "आधी जावयाला वाढा," सासरे म्हणतात. इतर अकरा महिने या घरात मला पोळीसुद्धा मागून घ्यावी लागते. सासूबाई स्वतः वाढतात. मी पहिला घास घेतो आणि सगळे माझ्या गळ्याकडे बघतात. मेहुणा तर घड्याळ लावतो.

"पाणी हवंय का?" बायको विचारते. आवाजात काळजी कमी, चौकशी जास्त.

"नको."

"घसा?"

"ठीक आहे."

"काहीतरी बोला जरा मोठ्याने," सासूबाई म्हणतात.

मी एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवतो. दोनशे नव्वदपर्यंत आवाज स्वच्छ निघाला, तशी सगळ्यांनी ताटं पुढे ओढली. मी दुसऱ्यांदा घ्यायला हात पुढे केला, तेव्हा शेजारच्या काकू टोपाचा तळ पोळीने पुसत होत्या.